गोलीचं प्रगतिपुस्तक

कॅनडात गोलकीपरला लहानथोर सगळे ‘गोली’ म्हणतात. मिसिसागाला मेधाकडे उतरलो त्या रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, “गोलीचं काय झालं?” मला वाटलं, रक्तदाबाची घ्यायची राहिली असेल. मेधाने फ्रीजवर चुंबकाने लावलेला एक कागद काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

सई माझी भाची. चौदा वर्षांची आहे आणि मुलींच्या आइस हॉकी संघात गोल सांभाळते. संघात गोली दोन. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षकांनी दोघींचं मूल्यमापन करून घरी पाठवलं होतं. स्केटिंग, उभं राहण्याची ढब, कोन साधणं, क्रीजमधून, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या जागेतून, किती पुढे यायचं त्याचा अंदाज, रिबाउंडवर ताबा, पकवर म्हणजे खेळातल्या चकतीवर नजर, काठीचा वापर, जिद्द असे आठ रकाने आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. सईला चाळीसपैकी सव्वीस. ढबीला दोन.

“दोन!” अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “या गृहस्थाने हिचे पाय कधी पाहिलेत का?”

“पाहिलेत म्हणूनच दिले असतील,” मेधा म्हणाली. “पण मी म्हणते अप्पा, ढबीला गुण हवेतच कशाला? पक आत गेला की नाही, एवढंच विचारा ना.”

मी तिथे नऊ दिवस होतो. नायगारा पाहिला, एक देऊळ पाहिलं, बाकी हा वाद ऐकला. आमटीभाताबरोबर, भांडी डिशवॉशरमध्ये रचताना, दारातलं बर्फ फावड्याने ओढताना. सासरे-सुनेचं इतकं मनापासून चाललेलं भांडण मी पुण्यात पाहिलेलं नाही.

दोघांची ओळख करून द्यायला हवी. मेधा माझी मामेबहीण, विमा कंपनीत ॲक्चुअरी आहे. कोणाची गाडी कधी ठोकली जाईल हे तिला कळत नाही, पण एक लाख गाड्यांतल्या किती ठोकल्या जातील ते बरोबर कळतं. अप्पांची पंच्याहत्तरी झाली. मुंबईत असताना कांगा लीगमध्ये पावसाने भिजलेल्या खेळपट्ट्यांवर यष्टिरक्षण करायचे. १९७४ साली नोकरीसाठी माँट्रियलला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात टीव्हीवर केन ड्रायडन दिसला. माँट्रियलच्या संघाचा उंचापुरा गोली. खेळ दुसऱ्या टोकाला असला की काठी बर्फावर उभी धरायचा, तिच्यावर दोन्ही हात आणि हनुवटी टेकून उभा राहायचा. एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा, असं अप्पा म्हणतात. तेव्हापासून ते त्याचे.

“ड्रायडनचं कौतुक मला सांगू नका,” मेधाने पहिल्याच रात्री सांगून टाकलं. “१९७६-७७ च्या हंगामात माँट्रियल ८० पैकी किती सामने हरलं? आठ. पुढे लॅरी रॉबिन्सन, सर्ज सावार्ड, गी लापॉइंट. असे तिघं बचावाला असतील तर गोलमध्ये मी उभी राहिले असते.”

“पाच व्हेझिना ट्रॉफ्या मिळाल्यात त्याला.”

“कधी? १९८१ पर्यंत ती ट्रॉफी ज्या संघावर सगळ्यात कमी गोल झाले त्याच्या गोलीला आपोआप जायची. कोणी मत द्यायचं नाही, काही नाही. संघाचं बक्षीस गोलीच्या गळ्यात. शेवटच्या तीन तर त्याने मिशेल लारोकबरोबर वाटून घेतल्या. पुढे लीगलाच ते पटेना म्हणून जनरल मॅनेजरांची मतं घ्यायला लागले आणि कमी गोलांसाठी जेनिंग्ज नावाची वेगळी ट्रॉफी काढली.”

हे मला माहीत नव्हतं आणि मी ताटावरून मान वर केली. चांगला गोली कोणाला म्हणायचं हे ठरवताना एनएचएल ही जगातली सगळ्यात मोठी लीगसुद्धा पन्नासेक वर्षं भलतंच काहीतरी मोजत होती, असा याचा अर्थ.

अप्पा शांतपणे भात कालवत होते. “बरं. १९७१ चं सांग मग. तेव्हा कुठे होतं तुझं गणित? ड्रायडन नियमित हंगामात एकूण सहा सामने खेळलेला. सहा! प्लेऑफमध्ये समोर बॉस्टन. बॉबी ऑर, फिल एस्पोझिटो. एस्पोझिटोने त्या साली ७६ गोल केलेले. आणि प्रशिक्षक अल मॅकनीलने या पोराला उभं केलं. बॉस्टन गारद, माँट्रियलला स्टॅनली कप, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ड्रायडन. नवोदिताचं बक्षीस त्याला पुढच्या वर्षी मिळालं, कारण हिशेबाने तो अजून नवोदितही ठरत नव्हता. सहा सामन्यांवर तू त्याचा विमा उतरवला असतास?”

“नसता उतरवला.”

“मग?”

“मग काही नाही. मॅकनीलचा अंदाज बरोबर निघाला म्हणून आपण तो पन्नास वर्षं सांगतोय. ज्यांचे चुकले त्यांच्या गोष्टी कोण सांगतं? २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत न्यूयॉर्क आयलंडर्सनी पहिल्या क्रमांकावर गोली घेतला, रिक डिपिएट्रो. सगळ्या जाणत्या डोळ्यांनी पारखून. सहा वर्षांनी पंधरा वर्षांचा करार दिला, पावणेसात कोटी डॉलरचा. दुखापतींनी त्याची पार वाट लागली, ते सोडा. पण त्याच निवडीत २०५ व्या क्रमांकावर, सगळे उठून कॉफी प्यायला गेल्यावर म्हणा ना, न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाने हेन्रिक लुंडक्विस्ट घेतला. तो पुढची पंधरा वर्षं न्यूयॉर्कचा राजा. एकाच खोलीत बसलेले डोळे हे, अप्पा.”

अप्पांनी ताक मागितलं. माझ्या मते ही फेरी मेधाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं मारताना अप्पांनी मला एकट्याला गाठलं. कीपिंगमधलं पहिलं सूत्र म्हणजे सूर मारावा लागला तर तुम्ही आधी चुकीच्या जागी उभे होतात. लोक टाळ्या वाजवतात त्या चुकीला. “आइस हॉकीत तर हे दुप्पट खरं. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. गोली अंगावर एवढाली पॅडं बांधून समोर उभा. तो दोन पावलं पुढे आला की मारणाऱ्याला गोल अर्धा दिसेनासा होतो. मागे राहिला की चारही कोपरे उघडे. या दोन पावलांत सगळं आलं. बाकी हातवारे.”

मी हे निष्ठेने मेधाकडे पोचवलं. ती हसली. “दादा, त्यांना हाशेक विचार.”

विचारायची वेळच आली नाही, कारण अप्पा मागेच उभे होते आणि हाशेकचं नाव ऐकून त्यांचा चेहरा पडला. डॉमिनिक हाशेक या चेक गोलीचं काय करायचं हे त्यांना तीस वर्षांत उमगलेलं नाही. माणूस बर्फावर लोळायचा. काठी टाकून द्यायचा आणि उताणा पडल्या पडल्या हाताने पक धरायचा. शिकागोने त्याला दहाव्या फेरीत घेतला, काही वर्षांनी आणला, बाकावर बसवला आणि १९९२ मध्ये बफलोला जवळजवळ फुकटात देऊन टाकला. एकोणतिसाव्या वर्षी तो खऱ्या अर्थाने खेळायला लागला, आणि तिथून सलग सहा हंगाम फटके अडवण्याच्या टक्केवारीत एनएचएलमध्ये पहिला. दोन वर्षं लागोपाठ लीगचा सर्वोत्तम खेळाडू, जे दुसऱ्या कोणत्याही गोलीला जमलेलं नाही. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाच्या पाच जणांनी एकेक करून शूटआउट घेतला आणि पाचही हात हलवत परतले.

“ते मी पाहिलं,” अप्पा म्हणाले. “पहाटे उठून. रडायचा बाकी होतो.”

“या कागदावर त्याला ढबीला किती मिळाले असते?”

“…एक.”

“आणि कोनाला?”

“मेधा, तो अपवाद आहे.”

“अपवाद कसा कळला तुम्हाला? टक्केवारीवरून. नुसत्या डोळ्यांनी शिकागोला नाही कळला.”

इथे मला वाटलं वाद संपला. पण अप्पांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, “लोळताना त्याचे डोळे कुठे असायचे ते पाहिलंस कधी? पकवर. शेवटपर्यंत. अंग भलतीकडे, नजर तिथेच. मी ढबीला एक देईन, नजरेला पाचापैकी सात देईन. तुझी टक्केवारी मला सांगते तो चांगला आहे. का चांगला आहे ते सांगत नाही. आणि सईला शिकवायचं असेल तर मला का पाहिजे.”

मेधाने यावर लगेच उत्तर दिलं नाही. मग आत जाऊन फोन घेऊन आली. “तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते, घ्या. ताशी १४५ किलोमीटरने सुटलेला पक सहा मीटरवरून गोलपर्यंत यायला ०.१५ सेकंद लागतात. माणसाचं दिसून हलणं सुरू व्हायलाच ०.२ च्या आसपास जातात. म्हणजे बघून अडवणं अशक्य. कॅल्गरी विद्यापीठात जोन व्हिकर्स आणि डेरेक पँचुक यांनी गोलींच्या डोळ्यांवर नजर टिपणारी यंत्रं बसवली होती. फटका सुटायच्या आधीच नजर पक आणि काठीच्या पात्यावर जाऊन स्थिर झालेली असते. त्याला व्हिकर्स ‘क्वाएट आय’ म्हणतात.”

“शांत डोळा,” अप्पा म्हणाले. शब्द आवडलेला दिसत होता. “म्हणजे अडवायचं काम फटक्याच्या आधीच उरकलेलं असतं.”

“हो.”

“आणि तू मोजतेस फटक्यानंतरचं.”

ही फेरी मी अप्पांना दिली.

पण मेधाची खरी बाजू मला तिसऱ्या दिवशी कळली, आणि ती माझ्या कल्पनेपेक्षा वेगळी होती. मी समजत होतो की ती आकड्यांची वकील आहे. ती आकड्यांवर अप्पांपेक्षा जास्त संशय घेते. ती रुमालावर लिहायला लागली. मोठ्या लीगमध्ये गोली शंभरातले साधारण ९० अडवतो. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण साडेएक्क्याण्णव होतं. ९१ वाला आणि ९२ वाला यांच्यात फरक शंभर फटक्यांमागे एका गोलाचा. एका सामन्यात तीसेक फटके. म्हणजे तीन-साडेतीन सामन्यांत एक गोल. “हा फरक डोळ्यांना दिसेल? शक्य नाही. आता उलटं. पन्नास सामने, दीड हजार फटके घ्या. खरोखर ९१ अडवणारा गोली नुसत्या नशिबाच्या हेलकाव्याने एखाद्या वर्षी ९०.३ दिसेल, एखाद्या वर्षी ९१.७. म्हणजे पूर्ण हंगामाचा आकडाही अर्धवटच बोलतो.”

“आणि प्लेऑफ?” अप्पा म्हणाले. “हेलेबक?”

विनिपेगचा कॉनर हेलेबक २०२४-२५ च्या हंगामात हजारामागे ९२५ अडवून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. प्लेऑफ सुरू झाल्यावर सेंट लुइसच्या रिंकवरच्या तिन्ही सामन्यांत त्याला अर्ध्यातून बाहेर काढावं लागलं. तेरा सामन्यांत हजारामागे ८६६.

“तुम्ही म्हणणार दडपण आलं.”

“मी म्हणणार, समोर माणसं उभी करून त्याची नजर अडवली आणि तो मागे मागे गेला.”

“असेलही. पण तेरा सामने, अप्पा! तीन वर्षं गाडी ठोकली नाही म्हणून आम्ही कोणाला चांगला ड्रायव्हर मानत नाही, आणि एका महिन्यात दोनदा ठोकली म्हणून वाईटही मानत नाही. थोडं त्याचं, थोडं सगळ्यांच्या सरासरीचं, असं मिसळून धरतो. फटके वाढतील तसं त्याचं स्वतःचं जास्त धरायचं.”

“सईचे किती झाले या हंगामात?”

“साडेतीनशे.”

“मग तिचं किती धरायचं?”

मेधाने रुमाल चुरगाळला. “फार नाही. दीड टक्का इकडे की तिकडे हे नशीबच. तिच्यात आणि दुसरीत फरक एक टक्क्याचा आहे. म्हणजे काहीच सांगता येत नाही.”

“म्हणजे तुझ्या आकड्यांनाही नाही सांगता येत.”

“नाही. मी म्हणते कोणीच सांगू नये. दोघींना निम्मे निम्मे सामने द्यावेत.”

“शनिवारी रात्री अंतिम सामना असला की गोलमध्ये एकच उभी करायची असते,” अप्पा म्हणाले. “अर्धी अर्धी नाही. तेव्हा कोणाच्या तरी डोळ्यावर विसंबावंच लागतं. मला एवढंच म्हणायचंय की तो डोळा शिकलेला असावा.”

रविवारी पहाटे साडेसहाला सईचा सामना होता. या देशात मुलांना बर्फ मिळतो तो असल्याच वेळी. रिंकच्या आत बाहेरच्यापेक्षा गारठा वाटत होता. गोलीचे आईबाप बाकीच्या पालकांत बसत नाहीत, असा इथे अलिखित नियम आहे. मुलीच्या हातून गोल झाला की शेजारच्यांनी काय बोलावं हा प्रश्न पडतो, तो पडू नये म्हणून. आम्ही कोपऱ्यात, काचेच्या मागे. थर्मासमधला चहा, डब्यात धपाटे. मेधाच्या मांडीवर वही. तिने अर्ध्या रिंकची आकृती काढून ठेवली होती आणि गोलच्या मधोमध एक उभी रेघ मारली होती.

“हा रॉयल रोड,” तिने मला समजावलं. “स्टीव्ह व्हॅलिकेट म्हणून जुना गोली आहे, त्याने नाव दिलंय. पक ही रेघ ओलांडून पासने आला आणि लगेच मारला, की गोलीला आडवं सरकत सरकत अडवावं लागतं. तसला फटका आणि समोरून सरळ आलेला फटका, टक्केवारीत दोन्हींचं वजन सारखंच. म्हणून मी पासला फुली करते, नजर अडवली असेल तर गोल काढते.”

“आणि तू,” अप्पा मला म्हणाले, “पकाकडे बघू नकोस. नाहीतरी तुला दिसणार नाही. तिचे पाय बघ.”

ते खरंच होतं. तीन इंच व्यासाची ती काळी रबरी चकती मला दोन-तीनदाच नीट दिसली. म्हणून मी पाय पाहिले. पक डावीकडे गेला की सई काठीच्या टोकाने मागचा खांब चाचपायची. मान न वळवता. अंधारात देव्हाऱ्याचं निरंजन हाताला लागावं तशी. पक मधे आला की दोन छोट्या ढकलण्यांत पुढे. पात्यांचा आवाज यायचा, कोबी किसल्यासारखा. एक फटका तिच्या पॅडवर आपटला आणि उडून कोपऱ्यात गेला.

“रिबाउंड कुठे गेला पाहिलास?” अप्पांनी माझं कोपर दाबलं. “कोपऱ्यात. मधे नाही टाकला. याला म्हणतात अडवणं.”

मेधाने ठिपका दिला, शेजारी बारीक ‘को’ लिहिलं.

पहिल्या सत्राच्या शेवटी फलकावर सईवर आलेले फटके सात दाखवत होते. मेधाच्या वहीत नऊ. टेबलावर बसून मोजणारे कोणाचे तरी बाबाच असतात, कॉफी पीत. “मोठ्या लीगमध्येसुद्धा हेच,” ती म्हणाली. “न्यू जर्सीत मार्टिन ब्रोदूर खेळायचा तेव्हा त्या रिंकवर फटके हात राखून मोजतात, असं अभ्यासकांचं म्हणणं होतं. भागाकारातला खालचा आकडाच डगमगता.”

दुसऱ्या सत्रात समोरची नऊ नंबरची मुलगी एकटी सुटली. सई पुढे आली. तीन पावलं, एरवीपेक्षा एक जास्त, आणि थांबली. हलली नाही. नऊ नंबरने डावा खांदा टाकून पाहिला, उजवा टाकून पाहिला, आणि शेवटी वरच्या कोपऱ्यावर मारला. टणकन खांबाचा आवाज आला आणि पक बाहेर.

“नशीब!” मी म्हणालो.

अप्पा माझ्याकडे वळले. मी कोणाच्या तरी तेराव्याला टाळी वाजवली असावी असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. “नशीब? तिला खांबाशिवाय काही दिसतच नव्हतं. गोली समोर इतकी मोठी झाल्यावर मारायची कुठे? मेधा, लिहिलंस?”

“काय लिहू? खांबाला लागलेला फटका गोलवरचा फटका धरत नाहीत. नियमच आहे. तिने तो अडवलाच नाही.”

“म्हणजे या हंगामातलं तिचं सगळ्यात चांगलं काम झालं आणि हिशेबात शून्य.”

“आता काही जण बाहेर गेलेले फटकेही धरतात…”

“तू धरलेस का?”

मेधाने वही उलटीसुलटी केली. ठिपके, फुल्या, गोल. “रकाना नाही,” ती म्हणाली.

“मग आख.”

तिने पेन काढलं. बोटं गारठलेली. अप्पांनी वहीचं दुसरं टोक धरलं. रेघ कुठून सुरू करायची यावर त्यांचं जमेना. ते म्हणत होते, न मारलेले फटकेही यात यावेत, भ्यायलेले, परत मागे पास दिलेले. ती म्हणत होती, असं सगळंच धरलं तर ते मोजणं राहत नाही, कीर्तन होतं. खांबासाठी उभी रेघ करावी. नको, उभी रेघ रॉयल रोडची आहे, गोंधळ होईल. मग त्रिकोण. त्रिकोण कशाला, साधा ‘ख’ काढ की.

भोंगा वाजला. लाल दिवा लागला होता. पलीकडच्या बाकावरच्या मुली काठ्या आपटत होत्या, आणि सई गुडघ्यांवरून उठून, पाण्याच्या बाटलीतली धार तोंडावर मारत, आमच्या काचेकडे बघत होती.

“कसा गेला?” मेधाने विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सईचे पाय बघत होतो खरा, पण पक मला कुठे दिसतो.